सोडलं की टाकलं?

मंडळाच्या बैठकीत "तू या अंकाला काय देतेस?" असं मॅडमनी विचारलं, तेव्हा मी "कुत्र्यांवर लिहिते" म्हटलं आणि सगळे हसले. वर्गात मला 'कुत्र्यांची डॉक्टर' म्हणतात, त्यामुळं हसणं साहजिकच होतं. मी डॉक्टर नाही. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठी विषय घेतलेली मुलगी आहे. पण गेल्या चार वर्षांत आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात आठ कुत्री आणि त्याहून जास्त मांजरं राहून गेली, आणि त्यातलं एकही आम्ही विकत आणलेलं किंवा मागून घेतलेलं नव्हतं. सगळी कुणीतरी गावात आणून सोडलेली. त्यांच्यामुळं जे कळलं ते इथं सांगते. चुकाही सांगते, कारण त्यातल्या एका चुकीत एक जीव गेला.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर. शनिवार-रविवारी हा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला अशीच एक गाडी आमच्या स्टॉपपाशी थांबली. मागचं दार उघडलं, एक लॅब्राडोर खाली उतरला, दार लागलं आणि गाडी गेली. कुत्रा वळणापर्यंत धावला. मग परत येऊन जिथं उतरला होता तिथंच बसला. गाडी पांढरी होती. पुढचे तीन दिवस रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की तो उठून उभा राहायचा.

त्याला नाव असणारच, पण ते आम्हाला कुठलं माहीत असायला? मोती, टायगर, रॉकी, येतील तेवढी नावं आम्ही घेऊन बघितली. 'ब्रूनो' म्हटल्यावर कान हलले असं माझ्या धाकट्या भावाला वाटलं, म्हणून ब्रूनो.

"गावात काय, जगतंय की!"

आणून सोडणारी माणसं दुष्ट असतात असं मला पहिल्यांदा वाटायचं. आता तसं वाटत नाही. एकदा एका म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी त्याचं अंथरूण आणि खाण्याची अर्धी पिशवी नीट ठेवलेली सापडली. ज्यानं ते ठेवलं त्याचा जीव तुटला असणारच. बदली होते, घरमालक नको म्हणतो, घरात बाळ येतं, कुत्रा म्हातारा होतो, औषधाचा खर्च झेपत नाही. काहींनी लहानपणी हातात मावणारं पिल्लू आणलेलं असतं, ते वर्षात तीस किलोचं होतं. पिल्लं विकण्याचा धंदा करणारे तर मादीची वेतं संपली की तिला पोसत नाहीत. कारणं वेगवेगळी, पण या सगळ्यांच्या मनात एक समजूत सारखीच असते: गावात मोकळी जागा आहे, माणसं मायाळू आहेत, कुणीतरी भाकरतुकडा घालेल. तिथं सोडलं तर जगेल.

ही समजूत खोटी आहे, एवढं एकच मला या लेखात सांगायचं आहे. गाव मोकळं नसतं.

बाहेरून बघणाऱ्याला आमच्या गल्लीतली कुत्री कुणाचीच नाहीत असं वाटतं. पण त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. देवळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत एक टोळी, गिरणीपासून ओढ्यापर्यंत दुसरी. कुठल्या घरात उष्टं किती निघतं, कुठल्या म्हशीच्या मागं लागायचं नाही, हे त्यांना पिल्लू असल्यापासून ठाऊक असतं. या वस्तीत सोफ्यावर झोपणारा कुत्रा आला की पहिल्या रात्रीच त्याच्यावर चार-पाच जण तुटून पडतात. त्याला भांडता येत नाही आणि मागं सरकून शेपूट खाली घालायची रीतही माहीत नसते. भाकरी त्यानं कधी खाल्लेली नसते. रस्ता ओलांडायचा असतो हेही त्याला ठाऊक नसतं, कारण तो कायम साखळीला बांधून फिरलेला.

गावाबाहेर गेलं तर आणखी वेगळं. आमच्याकडं रानडुकरं भात-ऊस लोळवतात म्हणून काही जण शेताच्या कडेला तारेचे फास लावतात. कुठं गावठी बॉम्ब ठेवलेले असतात. गावातली कुत्री त्या वाटेला जात नाहीत, नवीन कुत्रं जातं. शिवाय हा भीमगड अभयारण्याचा शेजार. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. त्यातूनही जगलं, तर भुकेनं कोंबडी धरतं आणि मग एके दिवशी कुणीतरी विष घालतं. विष घालणाऱ्यालाही मी एकदम दोष देत नाही. त्याची कोंबडी म्हणजे त्याच्या घरातल्या बाईचा मिठा-मिरचीचा पैसा असतो. तोटा सोसतो गाव, आणि ते कुत्रं आणणाऱ्याला काहीच कळत नाही.

रानाचंही नुकसान होतं. लस न टोचलेल्या कुत्र्याबरोबर डिस्टेंपरसारखे रोग येतात. 2018 साली गुजरातमध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता. आमच्या रानात रानकुत्री आहेत, ती कुत्र्यांच्याच कुळातली. एका पाळीव कुत्र्यानं त्यांच्यापर्यंत रोग नेणं अवघड नाही.

ब्रूनोच्या बाबतीत काय चुकलं

तीन दिवस तो स्टॉपवर बसला. लोकांनी दया म्हणून भाकरी, चपाती, बिस्किटं, दूध असं सगळं पुढ्यात टाकलं. तो दूध प्यायला आणि त्याला हगवण लागली. चौथ्या दिवशी जोराचा पाऊस आला, म्हणून मी आणि भाऊ दावं घेऊन त्याला आणायला गेलो. मी मागून जाऊन गळ्यात दावं टाकलं. तो दचकला आणि माझ्या हाताला चावला. रक्त आलं.

आज्जी म्हणाली, "अगं, त्याला घाबरवलीस तूच, आणि त्यालाच काय बोलायलीस?" तिचं बरोबर होतं.

सरकारी दवाखान्यात गेले. पहिल्या दिवशी जखमेत सीरम आणि दंडात लस, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस. इकडं ब्रूनो गोठ्यात नुसता पडून. खात नव्हता. आम्ही म्हणत होतो, "रुसलाय बिचारा, मालकाची आठवण काढतोय." रुसला नव्हता. त्याला गोचीड ताप होता. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडं भरलेली होती आणि आम्ही ती बघितलीच नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, त्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. "चार दिवस आधी आणला असता तर," एवढंच ते म्हणाले. चावल्यापासून नवव्या दिवशी तो गेला. डॉक्टरांनी कारण गोचीड ताप सांगितलं, तरी दहा दिवसांच्या आत गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत कुठलाही धोका पत्करायचा नसतो, म्हणून माझी सगळी इंजेक्शनं पुरी करून घेतली.

दया आमच्याकडं होती. कमी पडली ती माहिती. म्हणून पुढचा भाग जरा शाळेतल्या धड्यासारखा वाटला तरी वाचा.

सापडल्यावर पहिले दोन दिवस

पहिली गोष्ट, धरायला धावू नका. थोडं अंतर ठेवून, त्याच्याकडं तोंड न करता आडवं बसा. डोळ्यांत रोखून बघू नका. खाणं थोडं-थोडं टाकत आपल्या बाजूला आणा. त्याला आपण होऊन वास घेऊ दे. एखाद्याला दहा मिनिटं लागतात, एखाद्याला दोन दिवस. घाबरलेलं मांजर धरायचं असेल तर हातानं धरूच नका. आमच्याकडं कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं असतं, त्याखाली खाणं ठेवायचं आणि मांजर आत गेलं की अलगद झाकायचं. शहरात एखादा पुठ्ठ्याचा खोका आणि जाड टॉवेल चालतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. कुत्रं पोळी घेऊन पळालं तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती सांगताना आपण भूतदयेवर थांबतो. मला त्यातलं दुसरंच आवडतं. पोळी तर त्याला मिळालीच होती. ती कोरडी त्याला जाईल का, याची काळजी नामदेवांना पडली. म्हणजे समोरच्या जिवाला काय सोसेल, हा विचार त्यात आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर घालू नये, ते जिवावर बेततं. आधी पाणी, मग मऊ भात आणि थोडं दही किंवा उकडलेलं अंडं, मूठ-मूठ करून दिवसातून चार-पाच वेळा. मोठ्या कुत्र्या-मांजरांना दूध बहुधा पचत नाही. कांदा, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं.

तिसरी गोष्ट, बघणं. ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असली तर बरं. बोटानं दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती तशीच उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे. कान, काखा, बोटांच्या फटी यांत गोचिडं शोधा. शेपटीखाली रक्त किंवा गाठ आहे का बघा. या चार गोष्टींना पाच मिनिटं लागतात. त्या मी ब्रूनोच्या वेळी केल्या असत्या तर आज हा लेख वेगळा झाला असता.

चौथी गोष्ट, वेगळं ठेवणं. आपल्या घरच्या कुत्र्याजवळ त्याला निदान चौदा दिवस नेऊ नका. उलट्या, रक्ताची घाण वास येणारी हगवण दिसली तर तो बहुधा पार्व्हो. पिल्लं त्यात दोन-तीन दिवसांत जातात, आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. डोळ्या-नाकातून पू, ताप आणि मग अंगाला झटके आले तर डिस्टेंपरचा संशय घ्यायचा. दोन्हींत घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी 1962 हा फुकट नंबर आहे. गाडी मुख्यतः गुरांसाठी धावते, पण फोन करून विचारायला काय जातंय?

घरगुती उपायांबद्दल एक कळकळीचं सांगणं. खरूज झालेल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑईल फासायची पद्धत आपल्या भागात आहे. फासणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते ऑईल कातडीतून आणि चाटून पोटात जातं आणि कुत्रं मरतं. खरजेवर स्वस्त आणि चांगली औषधं आहेत, ती वजन बघून डॉक्टर देतात. माणसाच्या तापाची गोळी जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही मांजर मरू शकतं. मांजर असलेल्या ठिकाणी फिनेलनं पुसायचंही टाळा, ते पाय चाटतं.

डोळे न उघडलेली पिल्लं सापडली तर आधी ऊब, मग खाणं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पाजताना बाळासारखं उताणं धरू नका, पोटावर ठेवा, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. आणि तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू आपण होऊन लघवीही करू शकत नाही. आई चाटते म्हणून ती होते. आईच्या जागी आपण, तर ओल्या कापसानं हलकेच पुसत राहायचं. हे मला आज्जीनं शिकवलं. तिला ते कुणी शिकवलं, तिलाही आठवत नाही.

रेबीजबद्दल, न घाबरता

कुत्र्यांची कामं करते म्हटलं की लोक आधी हेच विचारतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. पण लक्षणं दिसायच्या आधी वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. 1885 च्या जुलैत लुई पाश्चरनं नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस दिली. म्हणजे उपाय हातात येऊन 140 वर्षं झाली. तरी आपल्याकडं माणसं मरतात, कारण जखमेवर हळद, चुना, मिरची लावून घरी बसतात.

चावलं किंवा ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग त्याच दिवशी दवाखाना. 'कुत्रं दहा दिवस बघू, मग इंजेक्शन घेऊ' असं करायचं नाही. इंजेक्शन सुरू करायचं आणि कुत्रंही बघायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं, ते मागून घ्या. आणि वारंवार जनावरं हाताळणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी. मी चावून घेतल्यावर शहाणी झाले, तुम्ही आधीच व्हा.

घाटाखाली आपल्या शेजारच्या गोव्यानं यात केलेलं काम बघण्यासारखं आहे. तिथं 2014 पासून मिशन रेबीजनं सरकारबरोबर कुत्र्यांना गावोगाव जाऊन लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. आता विचार करा: गावातल्या कुत्र्यांना आपण लस टोचून घेतली आणि दर महिन्याला कुणी बाहेरून नवीन, बिनलसीची कुत्री आणून सोडत राहिलं, तर ते गणित कसं जुळणार?

पन्नास रुपयांचा कायदा

पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरेल अशा जागी सोडून जाणं गुन्हा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत बेळगावात पावशेर कुंदाही येत नाही. जनावराला ठार मारणं किंवा लुळं-पांगळं करणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली येतं आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे विष घालणारा शेतकरी मोठा गुन्हेगार ठरतो आणि ज्यानं ते कुत्रं त्याच्या बांधावर आणून सोडलं, तो पन्नास रुपयांत सुटतो. तेही त्याला कुणी पकडलं तर.

दुसरा नियम 2023 चा, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचा. कुत्री धरायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथून उचलली तिथंच परत सोडायची. हे काम महापालिकांचं आहे तसं पंचायतींचंही आहे. त्यामुळं ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. मी गेल्या वर्षी मांडला. "आधी गटारीचं बघूया, मग कुत्र्यांचं," असं उत्तर मिळालं. गटारीचंही खरंच होतं, मी काय बोलणार? पण विषय कागदावर आला. यंदा परत मांडणार आहे.

नसबंदीवर एवढा जोर का, तर कुत्रीचा गाभणकाळ जेमतेम त्रेसष्ट दिवसांचा, वर्षातून साधारण दोनदा ती माजावर येते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं आलेली पांढरी पामेरियन मादी अशीच, वेतं घेऊन-घेऊन थकलेली. शेपटीखाली रक्ताळलेली गाठ होती. ती बघूनच तिला टाकलं असणार. कुत्र्यांमध्ये ही गाठ संगतीतून पसरते. दिसायला भयंकर, पण दर आठवड्याला एक असं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा पाच-सहा आठवड्यांत जाते. तिची गेली. मग नसबंदी करून घेतली. आता ती खानापूरला एका निवृत्त गुरुजींच्या घरी आहे आणि पेपर टाकणाऱ्या पोराशिवाय कुणावर भुंकत नाही.

घर शोधताना

बरं केलेलं जनावर कुणालाही देऊन टाकू नका. "फुकट आहे, घेऊन जा" असा मेसेज व्हॉट्सॲपवर टाकला की पिल्लं विकणारेही येतात. मी चार प्रश्न विचारते. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? तुम्ही गावाला गेलात तर याला कोण बघणार? आणि हा दहा-बारा वर्षं जगेल, तेवढ्यात तुमचं लग्न, नोकरी, बदली होईल, तेव्हा काय? चौथ्या प्रश्नाला निम्मी माणसं गप्प होतात. गप्प झाली तर मला बरंच वाटतं, कारण जी आज गप्प झाली नसती ती तीन वर्षांनी स्टॉपवर गाडी थांबवून गेली असती. शेवटी एक वाक्य सांगते: नको झालं तर रस्त्यावर नको, परत मला आणून द्या. आतापर्यंत दोघांनी आणून दिली. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्यांनी निदान आणून दिली.

शब्दाचा दोष

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं बरेच दिवस वाटत होतं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या माळ्यावर मांजर व्यालं. चार पिल्लं. घरात आधीच तीन मांजरं होती. बाबांनी पिल्लं पोत्यात घातली, पोतं सायकलला अडकवलं आणि मला पुढं बसवून मलप्रभेच्या पुलापलीकडं नेलं. पाणी ओलांडलं की मांजराला परत वाट सापडत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. मीच पोत्याचं तोंड सोडलं. पिल्लं गवतात गेली. घरी आल्यावर आज्जीनं विचारलं, "काय केलंसा पिल्लांचं?" मी म्हटलं, "सोडून आलो." आणि मला खरोखर वाटलं होतं की आपण त्यांना मोकळं केलं.

ब्रूनो गेल्यावर मला ते पोतं आठवलं. पांढऱ्या गाडीतला माणूसही घरी जाऊन हेच म्हणाला असणार: "गावाकडं सोडून आलो." मराठीत 'सोडणं' म्हणजे मोकळं करणंही असतं. पक्ष्याला पिंजऱ्यातून सोडतात, गुरांना चरायला सोडतात. शब्द चांगला आहे आणि त्याच्या आडोशाला आपण लपतो. या कामाचा खरा शब्द 'टाकणं' आहे. नवऱ्यानं बाईला घराबाहेर काढलं तर आपण तिला 'टाकलेली' म्हणतो, 'सोडून दिलेली' म्हटलं तरी कुणाला ती मोकळी झाली असं वाटत नाही. मग कुत्र्या-मांजराच्या बाबतीतच शब्द इतका मऊ का?

हे बाबांना मी बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या वेळी ऑपरेशन वगैरे कुठं होतं गं गावात?" खरंच नव्हतं. पण आता तालुक्याला होतं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या माळ्यावरच्या मांजरीला त्याच सायकलवरून, पण डालग्यात झाकून, बाबाच बसस्टॉपपर्यंत घेऊन गेले आणि तिथून एसटीनं खानापूरला. कंडक्टरनं डालग्याचं तिकीट मागितलं, ते बाबांनी न कुरकुरता काढलं.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना माझी एवढीच विनंती. बेळगावात तुमच्या ओळखीत कुणी पिल्लू घेत असेल, तर घ्यायच्या आधी माझा तो चौथा प्रश्न त्यांना विचारा. कुणाला पाळलेलं जनावर नको झालं असेल, तर त्याला लाजवू नका, नाहीतर तो रात्री गुपचूप गाडी काढेल. त्याच्याबरोबर बसून दुसरं घर शोधा. आणि कुणी "गावात सोडूया, जगेल" म्हटलं, तर "सोडूया नव्हे, टाकूया म्हण" एवढं सांगा. 'टाकूया' म्हणताना जीभ अडखळते. तेवढ्यानं एखाद्याचं मन बदललं तरी पुष्कळ झालं.

आमच्या स्टॉपवर अजूनही शनिवारी गाड्या थांबतात. माणसं उतरतात, चहा पितात, फोटो काढतात. मी मात्र मागचं दार उघडतंय का, तिकडं बघत असते.